उजव्या अंगाचा ओलावा

दुसऱ्या महायुद्धाला पन्नास वर्षं होऊन गेली, तरी जर्मनीतल्या सूल गावात जुनी रायफल आली की जुन्या हत्यारांचा दुकानदार एगॉन ट्राउडेलमावशींनाच बोलावी. तरुणपणी कारखान्यात त्यांनीच या रायफली जोडल्या होत्या.

"मावशी, ही रायफल 'जी' त्रेचाळीस की 'के' त्रेचाळीस? शिक्का गंजलाय."

"बंदूक तीच रे, मागून नुसतं अक्षर बदललं." त्यांनी नळीचं टोक चाचपलं. "आधीच्यांना इथे आटे असायचे, हिला नाहीत. म्हणजे अगदी शेवटची. 'के'च." मग त्या थबकल्या. "दस्ता ओला का?"

"सकाळपासून तीनदा पुसलाय."

मावशींनी पुसला. नेम धरताना गाल टेकतो तिथेच पुन्हा ओल फुटली, पण उजव्या अंगाला.

"सगळे डाव्या अंगाला गाल टेकतात," एगॉन म्हणाला. "हा कुणी डावखुरा दिसतोय."

मावशींचा धाकटा भाऊ एवाल्ड डावखुरा होता. पंचेचाळीसच्या मार्चात, एकोणिसाव्या वर्षी, त्याला आघाडीवर नेलं. पुढे ना पत्र आलं, ना थडगं सापडलं. निरोप घेताना तो रडला नाही, याचं आईला केवढं कौतुक होतं!

एगॉनने पुन्हा फडकं उचललं. मावशींनी त्याचा हात धरला.

"पुसू नकोस. आता आई नाही बघत. रडू दे त्याला."

तशी ती ओल दाटली, ओघळली, आणि फरशीवर थेंब टपटपू लागले.