ग्वेनची गाठ

गाठ सुटली आणि वरच्या मजल्यावरचं चालणं थांबलं.

सुलक्षणाबाई क्रोशाची सुई हातात धरून तशाच बसून राहिल्या. घरात दुसरं माणूस नव्हतं. तरी सकाळपासून डोक्यावर पावलं चालू होती, खिडकीपासून कपाटापर्यंत आणि कपाटापासून खिडकीपर्यंत. लेकीच्या लग्नासाठी त्या स्लाऊहून कार्डिफला, होणाऱ्या जावयाच्या घरी आल्या तेव्हापासून ऐकत होत्या. बाईंना त्याचं काही वाटलं नव्हतं. पावलं आहेत, चालायचीच. ती थांबली तेव्हा मात्र त्यांनी मान वर करून छताकडे बघितलं.

मन ताळ्यावर आणायला त्यांनी सुटलेल्या दोरीला इस्त्री केली.

झालं होतं ते एवढंच. शनिवारी कस्तुरीचं लग्न. नवरामुलगा एमरिस, इथलाच वेल्श, शाळेत शिकवणारा. अंतरपाट नाही, होम नाही. बागेत उभं राहायचं, दोघांच्या हातांना दोरीचे वेढे द्यायचे, हात ओढून घेतले की गाठ आपोआप बसते. झालं लग्न. डोळ्यांत धूर जात नाही, म्हणून बाईंना ही पद्धत आवडली होती. आज चादरी ठेवायला त्यांनी एअरिंग कपबर्ड, म्हणजे कपडे उबदार ठेवायचं कपाट उघडलं, तर तळाशी लाकडी पेटीत तसलीच दोरी. हिरवी-पांढरी, सुरेख विणीची, पण कोणी तरी पार गुंता करून ठेवलेली. घरात दोरी असताना नवी कशाला, म्हणून बाई सुई घेऊन बसल्या. गाठ हट्टी होती. बाई तिच्याहून हट्टी.

लग्न होणार की नाही, हाच खरं तर प्रश्न होता. कालच कस्तुरी ओट्याशी येऊन म्हणाली होती, "आई, मी शनिवारी नो म्हणेन बहुतेक. एमरिसची पहिली बायको वारली ना, ग्वेन? ती गेलीच नाही. शी इज अपस्टेअर्स. माझे कपडे कपाटातून बाहेर टाकते. आणि तो तिला जा म्हणत नाही. मी लग्न करून कुठे यायचं? घरात ऑलरेडी एक बायको आहे."

"चहा घे," बाई म्हणाल्या होत्या.

"मी चहा घेत नाही, आई. तू अजून दोन कप करतेस? बाबांना जाऊन किती विंटर्स झाले."

"सवय गं," म्हणून बाईंनी दुसरा कप झाकून ठेवला होता.

संध्याकाळी दोघं कामावरून आली. इस्त्रीच्या टेबलावर सरळ, गुळगुळीत दोरी बघून एमरिसचा चेहरा पांढरा पडला.

"ही कोणी सोडली?"

"मी. इस्त्रीपण केली."

कस्तुरी मटकन खुर्चीत बसली. "आई, काय केलंस तू. ती त्याच्या आणि ग्वेनच्या लग्नाची गाठ होती. हे लोक ती कधीच सोडत नाहीत. फॉरएव्हर ठेवतात."

"आपल्यात लग्न लागलं की सोडतात," बाई म्हणाल्या. "शेल्याला बांधलेला नवरा आंघोळीला जाणार कसा?"

कोणी हसलं नाही. एमरिस दोन-दोन पायऱ्या चढत वर गेला. कपाटाचं दार करकरलं. तो खाली आला आणि शेवटच्या पायरीवर बसला.

"गेली," तो म्हणाला. "मीच सोडायला हवी होती. पेटी उघडायचो आणि परत लावायचो. ती पावलं ऐकल्याशिवाय झोप यायची नाही मला."

मग तो रडला. कस्तुरी उठून त्याच्या शेजारी जाऊन बसली. ती पायरी दोघांपुरतीच रुंद होती.

शनिवारी नव्या दोरीने लग्न लागलं. सगळे नवरानवरीकडे बघत होते, बाई गाठीकडे. संध्याकाळी कस्तुरी गळ्यात पडली. "आई, आता महिनाभर इथेच राहा. स्लाऊला एकटी काय करशील?"

"छे गं. उद्या सकाळीच निघते."

"का? कोण वाट बघतंय?"

"कुंड्या वाळल्या असतील," बाई म्हणाल्या आणि बॅगेची चेन ओढली.

ट्रेनमध्ये त्यांनी डबा उघडला नाही. रेडिंगला गाडी बदलताना या वयात चक्क धावल्या. घराचं कुलूप काढलं आणि दारातच थबकल्या. बूटसुद्धा काढले नाहीत. घर गप्प होतं.

मग वरून खोकला आला. घसा खाकरून, जरा तक्रारीचा.

"आले हो," बाई म्हणाल्या. त्यांचे खांदे खाली आले. "जावई बरा आहे. थांबा, चहा टाकते."

पण चहाआधी त्यांनी जिन्याखालची बॅग ओढून काढली. तळाशी त्यांचा शेला आणि नवऱ्याचं, दीनानाथरावांचं, उपरणं होतं, अजून एकमेकांना बांधलेलं. पुण्याच्या कार्यालयात पुढच्या लग्नाची मंडळी दारात येऊन उभी होती, त्या गडबडीत सोडायचं राहून गेलेलं. रेशीम विरलं होतं. गाठ इतकी सैल झाली होती, की नुसतं बोट लावलं तरी सुटली असती.

खोकला थांबला. वर कोणी तरी श्वास रोखून वाट बघत होतं.

बाईंनी एक टोक दातात धरलं, दुसरं मुठीत, आणि त्या गाठीवर आणखी एक गाठ करकचून आवळली.