ना हरकत

वरच्या मजल्यावरचे कंत्राटदार काका अर्ज घेऊन आले, तेव्हा ती इस्त्री करत होती. जप्त झालेलं पिस्तूल त्यांना परत मिळायला एकच कागद अडला होता: मुलाच्या आईचं ना हरकत पत्र. दोन वर्षांपूर्वी तिचा लेक त्यांच्याकडे खेळायला गेला आणि चपलांच्या कपाटावरचं भरलेलं पिस्तूल त्याच्या हाती लागलं; गोळी सुटली आणि तो जागीच गेला. परवाना चोख होता, म्हणून सगळ्यांनी त्याला अपघात म्हटलं.

तिनं इस्त्री बाजूला ठेवली आणि तीनच प्रश्न विचारले.

परत मिळाल्यावर ठेवणार कुठे?

"तिथंच, हाताशी. जन्माची सवय गं पोरी."

गोळ्या काढून?

"छे! रिकामं पिस्तूल म्हणजे बिनदाताचा वाघ."

आणि कुलूप?

"चोर काय मी किल्ली शोधेपर्यंत थांबणार आहे होय?"

तिनं सही केली. शेऱ्याच्या रकान्यात स्वतःहून एक ओळही लिहिली. काकांचे डोळे भरून आले. "आभाळाएवढं मन आहे तुझं," म्हणत ते हात जोडून जिना चढून गेले.

मागे उभा राहून सगळं पाहणारा नवरा कडाडला, "सही दिलीस ती दिलीस, वर 'लवकरात लवकर मंजुरी द्यावी' असंही लिहिलंस? इतक्यात माफ केलंस त्यांना?"

"सुट्टी लागायच्या आत मिळायला हवं हो," ती म्हणाली. "त्यांची नात राहायला येतेय."