मधला पडदा

"आता कळेल," धाकटी म्हणाली. "आईचं वाद्यच सांगेल कोण चुकलं ते."

थोरलीने चष्मा नाकावर नीट बसवला आणि ते लांब दांडीचं वाद्य मांडीवर आडवं घेतलं. तंतुवाद्यं दुरुस्त करण्यात तिची तीस वर्षं गेली होती. समोर सख्खी बहीण बसलीय म्हणून कामाची शिस्त मोडायची, हे तिच्यात बसत नव्हतं. त्यातून ही बहीण दोन वर्षांनी दुकानाची पायरी चढलेली.

दोन वर्षांपूर्वी आई गेली. शेवटचे चार दिवस तिने डोळे उघडले नव्हते. चौथ्या दुपारी दोघी तिच्या उशाशी बसून तिचीच अंगाई गायल्या. तिसरा सूर, गंधार, थोरलीने खालचा लावला, कोमल. त्याने ओळ उदास होते. धाकटीने वरचा लावला, शुद्ध. त्याने तीच ओळ उजळते. दोन्ही सूर एकमेकांवर आपटले. आईने ओठ हलवले, बाबा कान देऊन वाकले, आणि थोड्या वेळाने सगळं संपलं. "तुझ्यामुळे तिला जाताना बेसूर ऐकावं लागलं," हे आधी कोण कोणाला म्हणालं, यावरही त्यांचं एकमत नव्हतं. तेव्हापासून थोरली असेल तिथे धाकटी फिरकत नसे. बाबा राहायचे थोरलीकडे. धाकटी त्यांना बागेतल्या बाकावर परस्पर भेटून जायची.

आता आईच्या वाद्याचे दोरे कुजले म्हणून ती आली होती. निदान म्हणायला तरी.

दांडीभोवती बांधलेले दोऱ्याचे वेढे, हेच त्या वाद्याचे पडदे. थोरली एकेक वाजवून बघायची, कापायची आणि त्याच्या जागी पेन्सिलीने खूण करायची. कोपऱ्यातल्या स्टुलावर बाबा जुन्या शर्टाला बटण लावत होते. जन्मभर शिवणकाम केलेला माणूस. हातात सुई नसली की त्यांना करमत नसे. गाण्यातलं मात्र ओ की ठो कळत नसे, आणि ते कबूल करायची लाजही वाटत नसे.

गंधाराच्या पडद्यापाशी थोरलीची कात्री थांबली.

"काय गं? कोमल का शुद्ध?"

"थांब जरा."

तिने तार पुन्हा छेडली. सूर जुळवायचं यंत्र जवळ ओढलं. काटा दोन सुरांच्या बरोबर मध्ये जाऊन उभा राहिला. आणखी दोनदा छेडली. काटा ढिम्म हलला नाही.

"सरकला असेल," धाकटी म्हणाली. आवाजातली धार गेली होती.

थोरलीने पडदा कापला. खाली लाकडात फिकट, खोल खाच पडली होती. तिच्या अलीकडे काही नाही, पलीकडे काही नाही.

"सरकलेला नाही. वर्षानुवर्षं इथेच आहे हा."

"म्हणजे दोघीही चुकलो?"

"अगं, असा सूर असतो!" थोरलीचा चेहरा एकदम फुलला. भांडण विसरून ती पुढे सरकली. "दूरदूरचे वादक मुद्दाम लावतात. सा ते पंचम हे अंतर बरोबर निम्मं करायचं, की हा मिळतो. उदास नाही नि हसरा नाही. कानात बसायला वर्षं लागतात, ताई सांगतेय तुला! आपल्या आईला येत होता हा. लग्नाआधी शिकली असणार कोणाकडे तरी."

"आपली आई?" धाकटी म्हणाली. "जी एका फळाच्या दोन फोडी करताना तीनदा सुरी सरकवायची, ती?"

थोरलीने कापलेला दोरा उजेडात धरला. गाठ ओळखीची होती, पण वाद्यावरची नव्हती. ती बटणाची गाठ होती.

दोघींनी एकदमच स्टुलाकडे पाहिलं.

"मीच बांधलाय तो," बाबांनी दातांनी दोरा तोडला. "तिच्या बोटांत तेवढा जोर नव्हता. आणि शिकली-बिकली कुठे नव्हती गं. तू सात वर्षांची, ही चार. निजताना दोघी तिच्याबरोबर गायचात. तू खाली, ही वर. एकीच्या सुराला पडदा लावला की दुसरी घर डोक्यावर घ्यायची. शेवटी मला म्हणाली, अहो, मध्ये बांधा. दोघींचं सारखंच चुकू दे."

थोरलीची सगळी विद्वत्ता पाण्यात गेली. धाकटीने तोंडावर पदर धरला, तरी हसू बाहेर आलंच.

"पण बाबा, मग खरी अंगाई कशी होती?"

"मला काय विचारता? मी तुमचं तिघींचं मिळूनच ऐकलंय."

थोरलीने नवा दोरा घेतला. "कुठे बांधू?" दोन वर्षांत तिने बहिणीला विचारलेला हा पहिला प्रश्न. धाकटीने खाचेवर बोट ठेवलं. थोरलीने वेढे घेतले आणि गाठीसाठी दांडी बाबांपुढे केली.

बाबा गाठ घालू लागले. तेवढ्यात धाकटीने विचारलंच. उत्तर आपल्यावर शेकेल या भीतीने दोघींनीही हा प्रश्न आजवर गिळून ठेवला होता.

"त्या दिवशी ती काय म्हणाली, बाबा? चिडली होती?"

"दोघी एका खोलीत आलात की सांगणार होतो. एकीला आधी कसं सांगायचं?" बाबांनी गाठ ओढून पक्की केली. "डोळे मिटलेलेच होते तिचे. तुमचे सूर एकमेकांवर आपटले, तशी हसली थोडी. म्हणाली, 'आल्या वाटतं दोघी.'"