सत्कार आधी, पोरं मग

मंगलने पुन्हा हात वर केला. सरपंच लालासाहेबांनी स्टेजवरूनच तिला खाली बसायची खूण केली.

"दम काढ की जरा! अजून सोसायटीच्या चेअरमनचा हार ऱ्हायलाय."

मंगलच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. लहान मुलांच्या मनाच्या डॉक्टरीणबाई साताऱ्याहून आल्या होत्या. त्यांनी गावात यावं म्हणून तिने तालुक्याला किती खेटे घातले, ते तिच्या चपलांना विचारावं! आणि जीपमधून उतरल्या उतरल्या गावाने बाईंना धरून स्टेजवर बसवलं. शाल झाली, नारळ झाला, फेटा झाला. फेटा घसरून डोळ्यांवर आला तरी बाई बिचाऱ्या हसत होत्या. पाहुण्याला मान दिल्याशिवाय कामाला लावलं तर गावाची अब्रू जाते म्हणे. आता घ्या!

मंगलचा पदर घट्ट धरून तिची लेक अंकिता बसली होती. नऊ वर्षांची पोर, एके काळी सगळी आळी डोक्यावर घ्यायची. लालासाहेबांच्या वाढदिवसाला सगळं गाव मंडपात होतं, तेव्हा मागच्या शेततळ्यात तिची मैत्रीण माया बुडाली. काठावर अंकिता एकटीच होती. तेव्हापासून तिच्या तोंडून एक शब्द फुटला नव्हता. अंगारा झाला, दृष्ट काढून झाली, मास्तरांचं रागावणंही झालं.

"आवं सरपंच, बाईंची जीप जायाची की! माझ्या पोरीला कवा बघायचं?"

"लय घाई बाई तुला! बरं, आण तिला वर. तिच्याच हातनं गुच्छ देऊ. तुझं बी काम हुईल आन फोटू बी निघंल."

अंकिताला स्टेजवर चढवलं. हातात गुच्छ कोंबला. बाईंनी वाकून विचारलं, "नाव काय गं तुझं?"

"अंकिता!" लालासाहेबांनी माइकवरून सांगून टाकलं. "लय गुणाची पोर हाय! वाजवा टाळ्या!"

कर्णा किंचाळला. गुच्छ खाली पडला. अंकिताने दोन्ही कान गच्च दाबून घेतले.

"आगं, लाजू नगं!" कर्ण्याने गावभर सांगितलं.

मग मात्र मंगलचं डोकं फिरलं. खड्ड्यात गेला तुमचा मान! ती तरातरा स्टेजमागे गेली आणि कर्ण्याची वायर खसकन उपटली.

मंडप गपगार झाला. लालासाहेब बंद माइकवर बोटं आपटत राहिले. बाईंनी फेटा उतरवला, अंकितासमोर खाली मांडी घातली आणि काहीच विचारलं नाही.

बऱ्याच वेळाने अंकिताने कानांवरचे हात काढले. तिने आधी कर्ण्याकडे पाहिलं, मग बाईंकडे.

"तवा म्या लय हाका मारल्या," ती म्हणाली. "कर्णा चालू हुता."