वर्गसमीकरणाचा शाप

“तुझ्या सात पिढ्यांना वर्गसमीकरण सुटणार नाही,” असा शाप गणिताच्या सरांनी एका विद्यार्थिनीला भर वर्गात दिला आणि खडूच्या धुळीने लगेच सटासट शिंकले. फळ्यापाशी उभ्या असलेल्या तिने मनात डूख धरला. पुढे यथावकाश तिने सरांच्याच एकुलत्या एका मुलाशी लग्न केलं.

आज सर नातीला शिकवायला बसले होते.

“आजोबा, वर्ग सोळा, म्हणजे संख्या चार.”

“आणि उणे चार कुणाचे, शेजाऱ्यांचे?”

“एक उत्तर मिळालं ना? मग दुसरं कशाला उकरून काढायचं?”

आतल्या खोलीतून सूनबाई गोड आवाजात म्हणाली, “बाबा, इतक्यात दमू नका हं. पुढच्या वर्षी धाकटाही तुमच्याकडेच बसणार आहे.”



“सूनबाई,” सर म्हणाले, “कपाळाला लावायला जरा बाम देतेस?”