जागेवर बदला

बार्शी रस्त्यावर अप्पांना उडवणाऱ्या कारवाल्याला अवधूतने तिथेच तुडवलं. कुणीतरी त्याचा व्हिडिओ काढला, त्याला मारधाडीच्या पिक्चरचं संगीत जोडलं आणि तो सोलापूरभर फिरला.

“भाऊ लई मोठा हिरो निघाला की तुजा,” भेटायला आलेले सयाजीमामा देवयानीला म्हणाले. “जागेवर बदला घेतला. आत्म्याला शांती मिळाली बग अप्पांच्या!”

देवयानीनेही तो व्हिडिओ कितीदा तरी पाहिला होता; प्रत्येक ठोशाला तिला बरं वाटायचं. मामा गेल्यावर तिने पहिल्यांदाच आवाज बंद केला आणि भावावरची नजर काढून नुसतं वडिलांना शोधलं.



अवधूतच्या पाठीमागे रस्त्यावर पडलेले अप्पा, अंगठा ओठांशी नेत, लेकाकडे पाणी मागत होते.