सवयीची सही

उद्यापासून पोहायला शिकायचं म्हणून बावन्नाव्या वर्षी शलाकाताईंनी पहिला स्विमसूट निवडला. काउंटरवर कार्ड टेकवताच कार्डच बोललं, "मी चोराच्या हातात आहे. व्यवहार थांबवलाय."

"अरे, मीच घेतेय! अंगठा घे, डोळे बघ."

"अंगठे, डोळे हल्ली नकली मिळतात, सवयी मिळत नाहीत. शलाकाताई स्वतःसाठी कधीच काही घेत नाहीत. तरी घरी विचारतो."

दुकानातली मुलगी हसू दाबत स्विमसूट परत घडी करू लागली.

तेवढ्यात नवऱ्याचा फोन आला. "अगं, तुझ्या कार्डावर कुणी बाई पोहायचे कपडे घेत होती! माझी बायको असलं घेणारच नाही, असं ठणकावून सांगितलं मी. पोलीस निघालेत तिला धरायला. घाबरू नकोस. तू आहेस कुठे?"